कोपऱ्यातला चिकट थर

मित्रांनो, मी एक जुनी टाकी आहे. पिण्याच्या पाण्याची नव्हे, घाण पाण्याची. चाकणच्या एमआयडीसीत एका लहानशा कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून माझा मुक्काम आहे. माझ्यात डोकावून बघावं असं कुणालाच वाटत नाही, म्हणून म्हटलं, आपली हकीकत आपणच सांगावी.

सोळा वर्षांपूर्वी इथे आबाजींचं ज्वारीचं रान होतं. त्यांचा मुलगा रणजीत इंजिनियर झाला आणि त्याने त्याच रानात कारखाना काढला. गाड्यांना लागणारे लोखंडी सुटे भाग इथे बनतात. बनलेल्या भागांवरचं तेल आणि लोखंडाची भुकटी साबणाच्या गरम पाण्याने धुवावी लागते. ते धुतलेलं पाणी माझ्यात येतं. गवंड्यांनी मला बांधलं, आतून गिलावा घोटून गुळगुळीत केलं, आणि आबाजींनी माझ्या काठावर नारळ फोडला. माझं काम साधं होतं. पाणी धरून ठेवायचं, गाळ तळाशी बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी पुढे सोडायचं. तपासणीला येणारे साहेब ते पाणी बाटलीत भरून उन्हात धरायचे आणि "छान!" म्हणायचे. तेव्हा मला फार अभिमान वाटे.

मग काम वाढलं. एका शिफ्टच्या तीन झाल्या. पाणी तिपटीने येऊ लागलं, मी मात्र होते तेवढीच राहिले. तेल, साबण आणि बारीक भुकटी यांचं ताकासारखं पांढुरकं पाणी व्हायचं आणि गाळ काही केल्या खाली बसायचा नाही. माझी देखभाल करणारा भीमराज माझ्यात तुरटीची पोतीच्या पोती ओतायचा. त्याने पाणी थोडं निवळायचं, पण गाळाचे ढीग व्हायचे आणि भीमराजच्या हातांची सालं निघायची. तो लातूरकडचा, दहावी शिकलेला, मुकाट्याने काम करणारा माणूस. हाताला खोबरेल लावून तो पुन्हा खराटा उचलायचा.

सांगताना लाज वाटते, पण लपवणार नाही. माझ्यातलं गढूळ पाणी मागच्या ओढ्यात जाऊ लागलं.

ओढ्याच्या पलीकडे विमलबाईंचं अर्धा एकर रान आणि विहीर. विमलबाई म्हणजे रणजीतच्या चुलती. एके दिवशी सकाळी त्या तांब्या घेऊन थेट माझ्या काठाशी आल्या आणि त्यांनी रणजीतला तिथेच बोलावून घेतलं.

"तुझ्या चुलत्यानं खांदलेल्या हिरीचं पानी हाय," त्या म्हणाल्या. "घे. चूळ भर."

रणजीतने तांब्या हातात घेतला. पाण्यावर तेलाचा रंगीत तवंग फिरत होता. तांब्या काही त्याच्या तोंडापर्यंत गेला नाही.

"काकी, दोन महिन्यांत नवीन यंत्र बसवतोय—"

"दोन म्हैनं कोथमीर थांबंल व्हय? वाफ्यात पाय ठिवला की पायाला त्याल लागतंय. बा तुजा असता तर त्यानं हे पानी बघून जेवान सोडलं असतं."

रणजीतने तांब्या खाली ठेवला. त्याने त्याच दिवशी ओढ्याकडचा पाइप बुजवला. पण आता पाणी टँकरने उचलावं लागे, तेही सगळं उचललं जाईना, म्हणून धुलाईचं अर्धं काम थांबवावं लागलं. पंधरा माणसं घरी बसली. नवीन यंत्रासाठी जागा हवी होती. दुसऱ्याच आठवड्यात एक ठेकेदार आला, त्याने मला टेपने मोजलं आणि माझ्या अंगावर खडूने फुली मारली. मी फुटणार होते. वाईट वाटलंच, पण मनात म्हटलं, जी टाकी विहीर नासवते, तिला कोण ठेवील?

कारखान्याच्या प्रयोगशाळेत उत्कर्षा नावाची केमिस्ट होती. मोडण्याआधी माझी शेवटची नोंद करायला ती आली. भीमराज खराट्याने माझा कोपरा घासत होता.

"मॅडम, एक विचारू का?" तो म्हणाला. "या कोपऱ्यात शेवाळावानी चिकट थर धरतोय. मी घासतो, ते पुन्हा येतंय. पण त्याच्याजवळचं पाणी कायम नितळ राहतंय. दोन वर्षं बघायलो मी."

"दोन वर्षं? मग सांगितलं का नाही, भीमराजदादा?"

"विचारलंच नाही कुणी."

उत्कर्षा गुडघ्यांवर बसली. तिने बोटाने तो थर उचलला. भेंडीसारखी लांब तार सुटली. ती तार तिने उजेडात धरली आणि म्हणाली, "आता घासू नका."

तिने तो थर बाटलीत भरून आपल्या कॉलेजातल्या बाईंकडे नेला. त्यात जिवाणू निघाले. डोळ्यांना न दिसणारे हे जीव एकमेकांना धरून राहण्यासाठी स्वतःभोवती एक चिकट द्रव्य बनवतात, आणि त्या द्रव्याला तेलाचे थेंब आणि लोखंडाचे कण चिकटतात. बाईंनी त्यांतले निरुपद्रवी जिवाणू निवडून वेगळे वाढवून दिले.

"आमची आई गढूळ पाण्यात तुरटीचा खडा फिरवायची," भीमराज म्हणाला.

"तसंच आहे हे. पण ही तुरटी जिवाणू स्वतः बनवतात, आणि तुमचे हातही सोलवटणार नाहीत."

उत्कर्षा आणि भीमराजने एका पिंपात काकवीचं पाणी करून जिवाणू वाढवले. काही दिवसांनी पिंपातलं पाणी दाट, बुळबुळीत झालं. रणजीतने ते माझ्यात ओतून बघायला एकच गुरुवार दिला. त्या दिवशी कारखान्यांना सुट्टी असते.

तो गुरुवार फसला. चिकट द्रव्य माझ्यात पडलं आणि नुसता फेस आला. पाणी होतं तसंच पांढुरकं. रणजीत ऑफिसकडे निघून गेला. उत्कर्षा माझ्या काठावर बसून राहिली. घरी बसलेल्यांपैकी दोघे मुद्दाम बघायला आले होते, तेही उठून चालू लागले.

भीमराजने पाण्यात हात घातला. "मॅडम, रात्रपाळीचं हे पाणी तर अजून गरम आहे. आणि साबण लई लागतोय हाताला. कोपऱ्यात पोचेपर्यंत पाणी निवत असंल."

उत्कर्षाने तपासलं. साबणाचा क्षार खरोखरच फार होता. ती धावत रणजीतच्या मागे गेली आणि आणखी एक गुरुवार मागून आली.

या वेळी पाणी आधी बाहेरच्या हौदात निवू दिलं, क्षार कमी केला आणि मगच ते माझ्यात सोडलं. भीमराजने द्रव्य ओतून लांब काठीने हळूहळू ढवळलं. थोड्या वेळाने माझ्या पोटात कापसासारखे बारीक पुंजके दिसू लागले. ते एकमेकांना चिकटून मोठे झाले, जड झाले आणि शांतपणे खाली उतरले. दुपारपर्यंत माझा तळ दिसायला लागला. कितीतरी वर्षांनी दिसला, मित्रांनो! रणजीत वाकून बघत होता. त्याने खिशातून रुमाल काढला आणि माझ्यावरची खडूची फुली पुसली.

आता ते पाणी वाळूतून गाळून पुन्हा धुलाईलाच वापरतात. गाळ आधीपेक्षा कमी निघतो आणि तो बंद गाडीतून योग्य जागी जातो. पंधराही माणसं कामावर परतली. विहिरीला मात्र वेळ लागला. रणजीतने ती दोनदा उपसून घेतली. दर महिन्याला तो स्वतः तिथलं पाणी तपासायला नेतो. ते आता शेतीला चालतं, पिण्याला अजून नाही. विमलबाईंनी कोथिंबीर लावली. पहिली जुडी त्यांनी उत्कर्षाच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "पोरी, प्यायचं बी जमंल गं."

हल्ली शेजारच्या कारखान्यांतली माणसं माझ्या काठाशी वह्या घेऊन उभी राहतात. त्यांना शिकवतो भीमराज. पहिल्या दिवशी तो दर वाक्याला उत्कर्षाकडे बघत होता. आता तो मोठ्या दिमाखात सांगतो, "अगोदर पाण्याला हात लावून बघा. मग औषधाचं बघू."

मित्रांनो, तुमच्या घरी कारखाना नसेल, पण मोरी तर आहे. उरलेलं तेल, रंग, औषधं तिच्यात ओतण्याआधी क्षणभर थांबा आणि स्वतःला विचारा, हे पाणी आता कुणाच्या दारी चाललंय?