दणकट म्हातारीचा पातळ पत्रा

मी एक जुनं शंटिंगचं, म्हणजे रेल्वे यार्डात मालाच्या वॅगनी ओढून-ढकलून जागेवर लावणारं, डिझेल इंजिन आहे. यार्डात सगळे मला म्हातारी म्हणतात, म्हणून मीही बाईमाणसासारखीच बोलते. मित्रांनो, आधी या प्रमोदची तक्रार ऐका. हा माझा आताचा ड्रायव्हर. माझ्या केबिनचं मागचं दार खडखडतं, तर या शहाण्याने ते तारेने बांधून टाकलं! वर दाराला आपली लोखंडी पेटी टेकवलीय, आणि पेटीवर डबा मांडून जेवतो.

मला शाळेचा गंध नाही. वाचता येतो तो अंगावर रंगवलेला माझा नंबर तेवढा. पण दार कशासाठी असतं, एवढं मला कळतं.

मला घडवणाऱ्यांनी माझा सांगाडा जाड लोखंडाचा केला. माणूस बसतो त्या केबिनला मात्र पातळ पत्रा लावला. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही. सुरतला आले आणि कामाला लागले. सिमेंट, कोळसा, पाइप, जे येईल ते ओढलं, ढकललं. मेल गाड्यांची इंजिनं नटून निघायची. मी म्हणायची, मिरवा बायांनो, तुमच्याने इथली एक वॅगन जागेवर लागायची नाही. मी निघाले की रुळावरची कुत्रीसुद्धा उठून बाजूला व्हायची. असा माझा तोरा!

तेव्हा माझा ड्रायव्हर होता शालिग्राम. खानदेशातून आलेला, सुरतच्याच पांडेसरा वस्तीत राहणारा. माझी काच स्वतःच्या रुमालाने पुसायचा. दाराच्या खडखडीने त्याचंही डोकं उठायचं, म्हणून त्यानेही दार तारेने बांधलं होतं. आणि त्याची पेटीही तिथेच.

एका धुक्याच्या सकाळी पाइपांनी भरलेली एक वॅगन उतारावरून आपसूक सुटली. मी केबिन पुढे करून चालले होते. शालिग्रामने ती पाहिली, ब्रेक दाबला आणि मागच्या दाराकडे धावला. पेटीला अडखळला. दार उघडेना. धडक बसली तशी वॅगनमधले पाइप सरकले आणि पत्रा फाडून आत घुसले. त्याचा उजवा पाय गेला.

नंतर माणसं जमली. एक साहेब म्हणाला, "काय दणकट इंजिन आहे! नुसता केबिनचा पत्रा फाटला. तेवढा बदला, उद्या कामाला लागेल."

मित्रांनो, आयुष्यभर मला कौतुकाची हाव होती. त्या दिवशी मात्र जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. तो पत्रा म्हणजे शालिग्रामची बसायची जागा होती. आणि नवा लावला तोही तसाच पातळ. आता नवी इंजिनं येतात, त्यांच्या केबिनला पुढून जाड पोलाद असतं, मागे पळायला मोकळी वाट असते. त्यांना पाहिलं की मी नजर चुकवते.

आज दसरा. शालिग्राम नकली पायाने, काठी टेकत झेंडूची माळ घेऊन आला. दर दसऱ्याला येतो. मला त्याच्यासमोर उभं राहवत नाही, आणि चाकं असून पळताही येत नाही.

प्रमोद कौतुकाने म्हणाला, "काका, ही म्हातारी लई मजबूत बघा. तुमच्या वेळी एवढी धडक बसली, हिला काही झालं नाही."

शालिग्रामने माळ घातली आणि म्हणाला, "हिले काही नई व्हयनं रे भाऊ. जे व्हयनं ते माले व्हयनं."

मग त्याने केबिनमध्ये काठी घालून टोकाने ती पेटी ठोकली.

प्रमोदची मदतनीस जागृती ताडकन म्हणाली, "दादा, मी कधीची सांगतेय, ती तार काढा. आज पाइपच ढकलायचेत, तेही केबिन पुढे करून."

"अगं, दिवसभर खडखड ऐकायची का?"

"कानात कापूस घाला. पायाला कापूस पुरत नाही."

प्रमोदचं तोंड उतरलं. त्याने पक्कड घेतली, तार तोडली. दार खडखडलं. मला वाटलं, चला, पोरगा सुधारला. तर हा पेटीवरचा डबा नीट करून जागेवर बसला! पेटी तिथेच, दाराला टेकून.

मित्रांनो, मला सजवू नका, दणकट म्हणू नका. माझ्या पोटात बसलेल्या माणसाची वाट तेवढी मोकळी ठेवा.

निघायच्या आधी प्रमोदने भोंगा दाबला. माझ्याजवळ आवाज तेवढाच. मी सगळी हवा एकवटून ओरडले, "अर्धाच शहाणा झालास, मेल्या! आधी पेटी खाली उतरव, मग मला हात लाव!"