जोडीची खोली

बोटीतून उतरल्या उतरल्या भोंग्याने चपला काढून हातात घेतल्या आणि वाळूवर पाय ठेवताच असा ओरडला की काठावरचे पक्षी भुर्रकन उडाले. "अरे, ह्यापेक्षा आपला रोलर गार!"

बावीस वर्षं दवाखान्याच्या धुलाईघरात इस्त्रीच्या रोलरसमोर उभा राहिलेला माणूस तो. आवाजामुळे सगळे त्याला भोंगाच म्हणायचे. आम्ही चौदाजण पोट धरून हसलो. वाफेच्या खोलीबाहेर एकमेकांना इतक्या उजेडात आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. नारळाची झाडं पाण्यावर वाकली होती आणि वारा असा मऊ होता, की मी मनातल्या मनात देवाला म्हटलं, हे तीन दिवस सुखरूप जाऊ देत.

हॉटेलच्या नोंदणीच्या टेबलाशी बसलेल्या बाईंनी माझं नाव यादीत शोधलं. "खोली सात. तुमच्या जोडीदार सकाळच्या बोटीनेच आल्यात. किल्ली त्यांच्याकडे आहे."

"माझ्याबरोबर कोणी नाही," मी म्हटलं.

त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. माझ्या नावाखाली तिचं नाव होतं. आठ महिन्यांपूर्वी गेलेल्या बाईचं नाव, व्यवस्थित टाइप केलेलं.

आमच्याकडे चादरीची घडी एकटीने होत नाही. दोघींनी दोन-दोन टोकं धरायची, एक झटका द्यायचा आणि चालत एकमेकींजवळ यायचं. म्हणून कामाचा तक्ता जोड्यांचा असतो. ती आणि मी, जोडी सात, एकोणीस वर्षं. ती गेल्यावर मला उशांच्या खोळींवर बसवलं, पण तक्ता तसाच राहिला.

धुलाईघराचा तक्ता लिहिणाऱ्या आमच्या हजेरीबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं आई गं! खोल्यांसाठी मी तोच तक्ता पाठवला. तिचं नाव खोडायला हातच धजला नाही गं माझा. रोज म्हणायचे, उद्या खोडते."

"ते राहू द्या," भोंगा हळू आवाजात म्हणाला. तो हळू बोलू शकतो हे मला तेव्हा कळलं. "किल्ली कोणी नेली?"

हजेरीबाईंनी माझा दंड धरला. "तू माझ्या खोलीत चल. आपण दोघी मावू."

"बघून तर येते," मी म्हटलं. त्यांना वाटलं मी धीराची आहे. खरं तर मला न जाण्याची भीती जास्त वाटत होती.

सात नंबरचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत पंखा फिरत होता. दोन पलंग. दाराजवळच्या पलंगाची चादर हॉटेलवाल्यांनी घातली होती तशीच. खिडकीजवळच्या पलंगाची मात्र कोणीतरी काढून पुन्हा घातली होती. कोपरा पाकिटासारखा आत दुमडलेला आणि त्यावर अंगठ्याने ओढलेली एक तिरपी चुणी. अख्ख्या धुलाईघरात ही चुणी एकच बाई घालायची. मी तिला दर वेळी म्हणायचे, कशाला गं एवढं कौतुक, रोग्याला काय त्याचं? ती म्हणायची, रोग्याला नसेल, चादरीला आहे.

न्हाणीघरात पाणी वाहत होतं. माझ्या तोंडात नाम चालूच होतं, ते थांबलं नाही. मी भिंतीला टेकले. पाणी थांबलं. कडी वाजली.

बाहेर आली ती तिची लेक.

"मावशी! अगं, पांढरीफटक पडलीस की! बस आधी." तिने मला पलंगावर बसवलं. तिची बोटंही आईसारखीच, लांब आणि कोरडी. "आईचा फोन मी चालू ठेवलाय. त्यावर ह्या हॉटेलवाल्यांचा निरोप आला, खोली सात, तुमची वाट पाहत आहोत. मला आधी रडू आलं, मग राग आला, मग म्हटलं, आईची जागा आहे ना, आपण जाऊ. रजा टाकली आणि आले."

"फोन तरी करायचास गं."

"तू उचलतेस कुठे? घरीही येत नाहीस. म्हटलं, इथे बेटावरून पळशील कुठे?" ती हसली, पण डोळे माझ्यावरच होते. मग तिने पिशवीतून आईचा फोन काढून माझ्यासमोर धरला. "हे बघ. आई गेली त्या संध्याकाळचे फोन. सहा चाळीस. सहा चव्वेचाळीस. सहा एक्कावन्न. तिन्ही तुलाच. तेराव्याला तू म्हणालीस, फोन पिशवीत होता, ऐकू आला नाही."

"हो."

"पिशवीत होता ना? एवढं एकदा माझ्या तोंडावर सांग. मग मी हा बंद करते आणि झोपते तरी. आठ महिने झाले मावशी, झोप नाही."

एक होकार, बस. मला मूलबाळ नाही. मला मावशी म्हणणारी जगात ही एकटी उरली होती. होकार दिला असता तर रात्री आम्ही सगळ्यांबरोबर जेवायला गेलो असतो, तिने भोंग्याची थट्टा केली असती. आणि रोज सकाळी डोळे उघडताच मी ज्या देवापुढे खोटं न बोलण्याचा नेम उच्चारते, त्याला मी आठ महिने कसं तोंड दाखवत होते ते माझं मला माहीत.

"समोर होता," मी म्हटलं. "सांजेच्या पाठाला बसले होते. एकदा बसलं की उठायचं नाही, बोलायचं नाही. तिचं नाव दिसलं. मला वाटलं, उद्याच्या पाळीचं विचारत असेल. फोन पालथा घातला. पुन्हा वाजला, उलटून पाहिला, पुन्हा पालथा घातला. तिन्ही वेळा पाहिला."

बाहेर हजेरीबाई पाण्यात उतरल्या असाव्यात, त्यांच्या नावाने आरोळ्या चालल्या होत्या.

"शेवटच्या वेळी," ती म्हणाली, "किती राहिला होता पाठ?"

हे मला कोणी विचारेल असं कधी वाटलं नव्हतं. "दोन श्लोक."

"दोन." तिने मान हलवली. "मग? संपवलेत तुम्ही?"

त्या 'तुम्ही'ने मला कळलं की मी काय गमावलं.

"संपवले. मग लावला. तुमच्या शेजारणीने उचलला." थोडं थांबून मी उरलेलंही सांगून टाकलं, कारण आता झाकायला काही उरलं नव्हतं. "तेव्हापासून रोज त्या वेळी वाजतो. फोन काळा असतो, तरी वाजतो. मी आवाज चढवून पाठ म्हणते."

"वाजलाच पाहिजे," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

दुपारी भोंगा दारात येऊन डोकावला. खिडकीजवळ पाठमोरी झोपलेली आकृती पाहून त्याच्या हातातला टॉवेलच खाली पडला. "लेक आहे तिची," मी म्हटलं. त्याने छातीवर हात ठेवून श्वास सोडला. "चल ना पाण्यात. विरघळत नाहीस," तो कुजबुजला. मी मान हलवली. तो गेला. ती हललीही नाही, पण झोपलेली नव्हती. झोपलेल्या माणसाचा श्वास मला कळतो.

उन्हं उतरली. समुद्र आधी तांबडा, मग राखेच्या रंगाचा झाला. मी हातपाय धुतले, दोन पलंगांच्या मध्ये आसन घातलं, पोथी उघडली. फोन समोर ठेवला. तिच्या देखत बसायची लाज वाटत होती, आणि न बसले असते तर त्याहून जास्त वाटली असती.

दहा मिनिटांनी वाजला. बंद काचेआडून यावा तसा आवाज, पण स्पष्ट. पडदा काळा. मी सवयीने आवाज चढवला. मग पाठमोऱ्या तिच्या खांद्याकडे पाहिलं. खांदे ताठ झाले होते. माझा आवाज का चढला, ते तिला कळलं होतं.

ओळीच्या मध्येच मी थांबले. पाठाच्या चोवीस वर्षांत पहिल्यांदा. पोथी मिटली, उठले आणि तिच्या पलंगाच्या कडेला जाऊन बसले.

"संपला?" तिने भिंतीलाच विचारलं.

"नाही. मध्येच उठले."

किनाऱ्यावरून आम्हाला जेवायला हाका मारत होते.

"वाजतोय?"

"हो."

ती उठून बसली, पाय पोटाशी घेतले आणि मला जागा करून दिली. माझ्याकडे पाहिलं नाही, हातही धरला नाही.

"अजून दोनदा वाजेल," ती म्हणाली. "तोवर इथेच बसा."