भरीव खांदा

घाबरू नका, मित्रांनो. अंगभर रेघा आणि ठिपके मिरवणारा मी एक जुना रबरी पुतळा आहे. साच्यातून निघालो तेव्हा अगदी कोरा होतो. मग एका रंगाऱ्याने चिनी वैद्यकातले प्राणशक्तीचे मार्ग माझ्यावर रंगवले आणि मी सुया टोचून उपचार करणाऱ्या एका बाईंच्या दवाखान्यात आलो. त्यांच्याकडे शिकायला येणारे विद्यार्थी माझ्यावर हात बसवत. बाई कौतुकाने म्हणत, "हा कधी कुरकुरत नाही."

बाईंची लेक मात्र शरीरशास्त्र शिकवू लागली आणि मला पाहून नाक मुरडू लागली. इतकी शरीरं उघडली, पण तिला या मार्गांची एकही नळी सापडली नव्हती. स्नायूंमधल्या पातळ पडद्यांच्या शिवणी काही रेघांशी जुळतात, एवढं ती कबूल करी. चिनी वैद्य काही मार्ग उन्हाचे मानतात, काही सावलीचे. त्यावर एकदा ती चक्क जमिनीवर ओणवी झाली. आपले पूर्वज असे चार पायांवर चालत, पाठीला ऊन आणि पोटाला सावली, त्यावरूनच ही वाटणी झाली असेल, असं तिचं म्हणणं. बाई हसल्या नाहीत. मायलेकींचं बोलणं कामापुरतं उरलं.

एका दुपारी बाईंच्या यजमानांचा खांदा आखडला. ते दमेकरी, अंगावर मांस कसलं ते नाही. बाईंनी आधी माझ्या खांद्यात सुई खोल घालून अंदाज घेतला आणि तशीच सरळ सुई त्यांना टोचायला निघाल्या. टोक कातडीला टेकलं, तोच लेकीने आईचं मनगट धरलं.

"सोड. तुझ्या जन्माआधीपासून करतेय मी हे."

"आई, पुतळा आतून भरीव आहे. बाबांच्या खांद्याखाली फुप्फुस आहे."

यजमान श्वास रोखून बसले होते. बाईंनी त्यांच्या खांद्याचं हाड चाचपलं. सुई त्यांनी ताटलीत ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी बाईंनीच सुरी आणली आणि माझ्या खांद्यावर बोट ठेवून लेकीला म्हणाल्या, "इथून काप." मला फार वाईट वाटलं. एवढ्या सेवेचं हेच का फळ? लेकीने माझा खांदा पोखरला आणि आत एक फुगा बसवला. आता कुणाची सुई खोल गेली की तो फुटतो. बाई नवा फुगा फुगवतात.

मित्रांनो, शिकताना चुका माझ्यावर करा. माझे फुगे हवे तेवढे फोडा. माणसाच्या छातीतला फुगा असा बदलता येत नाही.