तांबं लोखंडाला खातं

मी एक जुना तांब्याचा पत्रा आहे. लांबीला चार फूट, रुंदीला चौदा इंच आणि जाडीला तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढा. माझ्या एका कोपऱ्यात खिळ्यानं ठोकून सतरा हा आकडा काढलेला आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना बहुधा गोड बोलतात. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. मी एका माणसाचा सूड घेतला आहे, आणि तो कसा घेतला तेच मला सांगायचं आहे.

माझी आठवण सुरू होते ती कॅरिबियन समुद्रातल्या कारियाकू बेटावर, विंडवर्ड गावच्या वाळूत, ऑव्हिडच्या हातात. त्या गावात लोक आपली होडी आपणच बांधतात. कागदावर आराखडा कुणी काढत नाही. डोळ्यानं मापायचं आणि वाकसानं तासायचं. ऑव्हिडची पहिली होडीही अशीच बांधलेली होती. ती लाकूडकिड्यानं खाल्ली. हा किडा खाऱ्या पाण्यात राहतो. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून फळीत शिरतो आणि आतल्या आत बोगदे करत जातो. वरून फळी धडधाकट दिसते, रंगसुद्धा शाबूत असतो. ज्या सकाळी ऑव्हिडची होडी भर समुद्रात फाटली, त्या सकाळीही ती धडधाकटच दिसत होती. होडीत त्याची बायको अल्थिया होती. ऑव्हिड पोहत किनाऱ्याला लागला. अल्थिया लागली नाही.

त्यानंतर त्यानं दुसरी होडी बांधायला घेतली. डोंगरावरची वाकडी झाडं हुडकून तिच्या फासळ्या काढल्या. अधूनमधून तो त्रिनिदादच्या गोदीत कामाला जायचा आणि दर खेपेला तांब्याचे दोन-चार पत्रे घेऊन परतायचा. चार वर्षांत आम्ही चाळीस जमलो, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात त्यानं खिळ्यानं आकडा ठोकला. होडीला लोखंडाचा एकही खिळा त्यानं लावला नाही. सगळे खिळे तांब्याचे.

गाव हसायचं. सगळ्यांत मोठ्यानं हसायचा तो त्याचा भाचा सेप्टिमस. त्याची स्वतःची ‘ग्लोरी’ नावाची होडी होती आणि गावाचा तांदूळ, पीठ, रॉकेल तोच आणायचा.

“मामा, होडीला तांब्याची चड्डी शिवताय ती शिवा,” तो म्हणाला, “पण नाडी सोन्याची घाला, म्हणजे झालं!”

“हस बाबा,” ऑव्हिड म्हणाला. “किडा हसत नाही. तो जेवतो.”

आम्हाला बसवलं ते ऑव्हिडनं आणि त्याच्या लेकीनं, आयोनीनं. आयोनी तिशीची होती. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासण्यात तिचा हात गावातल्या कुठल्याही पुरुषाला भारी होता. होडी वाळूवर एका कुशीवर कलती केली होती. आधी तळाला गरम डांबर, त्यावर डांबरी कागद, आणि त्यावर आम्ही. मागच्या टोकाकडून सुरुवात केली, खालून वर. माशाच्या खवल्यांसारखे एकमेकांवर चढवले, म्हणजे पाणी कडेखाली शिरत नाही. आयोनी मला तळव्यानं दाबून लाकडाशी एकजीव करायची आणि ऑव्हिड तांब्याच्या चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकायचा. उन्हानं मी इतका तापलो होतो की तिच्या तळव्याला फोड आले. तिनं हात काढला नाही. तो स्पर्श मी विसरलो नाही.

इंग्लंडच्या राणीचा राज्याभिषेक झाला, त्या वर्षी बोकड कापून आणि पाद्र्याचा आशीर्वाद घेऊन होडी पाण्यात लोटली. नाव ठेवलं ‘अल्थिया’.

मित्रांनो, पुढची सात वर्षं ही माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं. आम्ही बकऱ्या नेल्या, लिंबं नेली, शेंगदाणे नेले. मी लाल होतो तो तपकिरी झालो, मग हिरवा. किडे यायचे, माझी चव घ्यायचे आणि परत जायचे. इतर होड्यांचा तळ दर चार महिन्यांनी त्यांना वर ओढून खरवडावा लागायचा. ऑव्हिड वर्षातून एकदा आम्हाला वर काढायचा, एकेका पत्र्यावरून हात फिरवायचा आणि म्हणायचा, “अल्थिया, ठीक आहेस ना गं?” बोलायचा तो होडीशी, की आणखी कुणाशी, मला कधी कळलं नाही.

आठव्या वर्षी ऑव्हिडला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. आयोनी त्याला ग्रेनाडाच्या इस्पितळात घेऊन निघाली, तेव्हा सेप्टिमस किनाऱ्यावर आला होता.

“तू जा,” तो म्हणाला. “होडीची चिंता सोड. भाचा मेलाय का मामाचा?”

ती गेली. तीन आठवड्यांनी भर दुपारी चार माणसं आणि दोन पहारी घेऊन सेप्टिमस आला. अल्थियाला कलती केली आणि आम्हाला उचकटायला लागला. लोक जमले. तो बिनदिक्कत म्हणाला, “मामानं मला दिलंय. जाताना माझ्या कानात सांगितलं, होडी आता कोण चालवणार, तांबं तू घे.” कुणीही काही बोललं नाही. उद्या तांदूळ आणणार तोच होता ना! म्हातारा लिनस, ज्यानं ऑव्हिडबरोबर उभा जन्म होड्या बांधल्या, तोसुद्धा पायाच्या बोटांनी वाळू उकरत राहिला.

आम्ही ग्लोरीच्या तळाला गेलो. आमच्या तांब्याच्या चुका उपटताना मोडल्या होत्या, म्हणून सेप्टिमसनं लोखंडी खिळे मारले. ग्लोरीच्या फळ्यासुद्धा लोखंडी खिळ्यांवर होत्या. सुकाणू लोखंडी बिजागऱ्यांवर लटकत होतं. आणि अल्थियाला उघड्या तळानं त्यानं खारफुटीच्या खाडीत नेऊन बांधलं, जिथे किडा सगळ्यांत जास्त.

सात महिन्यांनी बाप-लेक परत आले. लिनस ग्लोरीच्या डेकवर कुणाला तरी सांगत होता, तेव्हा मला कळलं. आयोनीनं बापाला खाडीवर नेलं. ऑव्हिडनं डावा हात पुढे केला आणि अल्थियाच्या फळीवर अंगठा दाबला. अंगठा आत गेला, थेट मुळापर्यंत. त्यानं तो बाहेर काढलाच नाही. आयोनीला हळूच सोडवून घ्यावा लागला.

दुसऱ्या दिवशी ती आली. ग्लोरी नांगरावर होती. आयोनी कपड्यांनिशी छातीएवढ्या पाण्यात शिरली आणि पाण्याखालून तिनं तळावर हात फिरवला. तिची बोटं माझ्या कोपऱ्यात थांबली. एक, सात. तिनं आकडा दोनदा चाचपला.

वरून सेप्टिमस वाकून बघत होता. “काय गं, आंघोळीला आलीस की काय?”

“हे पप्पांचं तांबं आहे.”

“होतं. मामानं मला दिलं.”

“कधी दिलं?”

“कानात सांगितलं त्यानं माझ्या.” तो हसला. “खोटं वाटत असेल तर जा, विचार त्याला.”

डेकवरची माणसं हसली नाहीत, पण त्यांनी मानही वर केली नाही. आयोनीची बोटं माझ्या कडेनं सरकत होती. खिळ्यांच्या डोक्यांपाशी ती थांबली. लोखंड आतापासूनच खरखरीत झालं होतं. मग तिनं सुकाणूची बिजागरी चाचपली. होडी बांधणाऱ्याची मुलगी ती, तिला ठाऊक होतं: तांबं आणि लोखंड खाऱ्या पाण्यात शेजारी बसवलं, की तांबं लोखंडाला खातं. सावकाश खातं, पण सोडत नाही.

ती खाली वाकली. हनुवटी पाण्याला टेकली. आणि फक्त मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाली, “खा.”

आठ दिवसांनी ऑव्हिड गेला. त्याची शवपेटी किनाऱ्यानं नेली, तेव्हा सेप्टिमसनं ग्लोरीचा झेंडा अर्ध्यावर उतरवला आणि टोपी काढून उभा राहिला. मी त्याच क्षणापासून मनापासून जेवायला बसलो.

दोन वर्षं मी जेवलो. खिळ्यांची डोकी आधी गेली. मग मी त्यांच्या अंगात शिरलो. कठीण लोखंडाचा काळा चिखल होतो, मित्रांनो, नखानं उकरला तरी निघेल असा. सेप्टिमस तळ बघायचाच नाही. “तांबं लावलंय,” तो ऐटीत सांगायचा. “आता दहा वर्षं बघायला नको.” होडी जड चालायला लागली, फळ्यांतून तपकिरी ओघळ आले, तरी त्यानं वरून रंग फासला.

लिनसला मात्र कळलं होतं. एकदा आयोनी वल्ह्याच्या होडीतून शेजारून चालली होती. लिनसनं तिला थांबवलं.

“पोरी, ग्लोरीचे खिळे जातायत. त्याला सांगायला हवं.”

“मग सांगा.”

“तू सांगितलंस तर बरं. मी म्हातारा माणूस...”

“लिनसकाका, त्या दिवशी किनाऱ्यावर तुम्ही गप्प होतात ना? आता आणखी थोडे दिवस गप्प बसा.”

लिनस खरंच गप्प बसला. आयोनी त्या दोन वर्षांत अल्थियाच्या कुजलेल्या फळ्या एकेक करून बदलत होती, एकटी. आणि तिकडून जाताना दर वेळी ग्लोरीच्या सुकाणूकडे एक नजर टाकायची. मी समजायचो.

मग तो शनिवार आला. शेजारच्या छोट्या बेटावर लग्न होतं आणि वऱ्हाड ग्लोरीनं जाणार होतं. बायका चपला हातात घेऊन, घागरे गुडघ्यापर्यंत उचलून पाण्यातून येत होत्या. एकीच्या डोक्यावर तीन मजली केक होता. लिनसची नात नवरीची करवली होती. माणसं चढत गेली तशी ग्लोरी पाण्यात बसत गेली. खरं सांगतो, मला त्यांची पावलं ऐकू आली नाहीत. बिजागरीचा शेवटचा दोरा उरला होता. मला फक्त तो दिसत होता.

आयोनीला माणसं दिसली. ती वाळूवरून धावत आली आणि पाण्यात उभी राहून ओरडली, “उतरा! सगळे उतरा! या होडीला खिळे राहिलेले नाहीत!”

“आली बघा,” सेप्टिमस वरून म्हणाला. “लग्नाच्या दिवशीसुद्धा हिची जळजळ थांबत नाही.”

“तांब्यानं लोखंड खाल्लंय, सेप. सुकाणू आज जाईल नाहीतर उद्या. मला दोन वर्षं माहीत आहे.”

“दोन वर्षं? आणि आज सांगतेस?”

“हो. एकटा असतास तर आजही सांगितलं नसतं.”

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तेव्हा लिनस कमरेएवढ्या पाण्यात आला आणि नातीसमोर दोन्ही हात पसरून म्हणाला, “उतर गं बाळा. ती खरं बोलतेय. मलाही माहीत होतं.” मुलगी उतरली. केकवाली उतरली. मग सगळेच उतरले.

सेप्टिमसचं तोंड लाल झालं. “या खडकाला वळसा घालून येतो,” तो गरजला, “आणि मग तुमचं हे वऱ्हाड पोहत जाऊ दे लग्नाला!” त्यानं एकट्यानं नांगर उचलला, शीड चढवलं.

खडकांच्या तोंडाशी त्यानं सुकाणू वळवलं आणि मी शेवटचा घास घेतला. सुकाणू सुटून मागच्या मागे तरंगत गेलं. ग्लोरी आडवी झाली, खडकावर आदळली, आणि ज्या फळ्यांना धरायला खिळाच नव्हता त्या पत्त्यांसारख्या पसरल्या. मित्रांनो, तो आवाज मला अजून गोड वाटतो.

आयोनी दुरुस्त केलेली अल्थिया घेऊन आली. बरोबर लिनस आणि वऱ्हाडातले पाचसहा पुरुष होते. सेप्टिमस मोडक्या डोलकाठीला धरून लाटा गिळत होता. त्याच्याभोवती तिनं होडीची एक सावकाश फेरी घातली. दोर तिच्या हातात होता.

“सेप,” ती म्हणाली, “पप्पांनी तुझ्या कानात काय सांगितलं होतं?”

“दोर टाक!”

“काय सांगितलं होतं?”

“आयोनी, देवाच्यान्...”

“अजून एक फेरी घालते.”

“काही नाही!” तो किंचाळला. “काही नाही सांगितलं! बोलताच येत नव्हतं त्याला! मी चोरलं!”

अल्थियावरच्या सगळ्यांनी ऐकलं. तेव्हा तिनं दोर टाकला.

त्यानंतर पंधरा दिवस सेप्टिमस त्या खडकावर बुड्या मारत होता. एकेक पत्रा काढून आयोनीच्या पायाशी आणून ठेवायचा. बोटं चिरलेली असायची. ती एकच शब्द बोलायची, “पुढचा.” असे आम्ही सत्तावीस परत आलो.

पण आम्हाला बघून ती चमकली. आमच्या अंगावर शेवाळ आणि धारदार शिंपल्यांचे थर चढले होते, जे सात वर्षांत कधी चढले नव्हते. त्याचं कारण मला माहीत होतं. माझ्या अंगातून थोडं थोडं तांबं समुद्रात झिरपतं आणि त्याच्या विषानं किडे, शिंपल्या दूर राहतात. पण लोखंड खात असताना माझं झिरपणं थांबतं. सूड घेतला त्या दोन वर्षांत मी कुणाचंही रक्षण केलं नाही. आयोनीनं सुरीनं खरवडून, लिंबानं घासून मला पुन्हा लाल केलं, भोकांवर तुकडे डागले, आणि अल्थियाच्या तळाला तांब्याच्या चुकांनी ठोकलं. आज मी तिथेच आहे.

मला पश्चात्ताप होतो का? त्या वऱ्हाडाच्या पावलांबद्दल होतो. सेप्टिमसबद्दल नाही, तसूभरही नाही.

मित्रांनो, तुमच्याजवळ होडी असेल तर तिचा पाण्याखालचा भाग वर्षातून एकदा तरी बघत जा, हातानं चाचपून बघा. दिसत नाही म्हणून ते नीट आहे असं समजू नका. आणि ज्याची वाचा गेली आहे त्याच्या नावावर कधी खोटं बोलू नका. आम्हा वस्तूंनाही बोलता येत नाही, पण त्यावर विसंबू नका.