एकवीस घरांतल्या तीन मोळ्या

माझी सून लाकडं मोजते. वखारीत नाही. परदेशातली एक मोठी संस्था आहे, ती आमच्यासारख्या देशांतल्या सरकारांना जंगलाचं, पाण्याचं, जमिनीचं काय करावं ते सुचवते. सुचवायचं तर आधी कोणीतरी मोजायला हवं, ती माझी सून. लग्न ठरलं तेव्हा मी मुलाला विचारलं, "पोरगी करते काय?" तो म्हणाला, "संशोधन." मी म्हटलं, "करू दे. घरात शोधाशोध नाही केली म्हणजे झालं."

मुलगा मालवाहू बोटीवर असतो, वर्षातले आठ महिने पाण्यात. घरात आम्ही दोघीच. ती सकाळी वही घेऊन जायची, संध्याकाळी यायची, माझ्या हातचं जेवायची आणि म्हणायची, "आई, तुमच्या हाताला चव आहे." मी म्हणायची, "चव मिठाला असते." एवढंच आमचं बोलणं. लाडीगोडी मला जमत नाही.

यंदा तिचं काम आमच्याच गल्लीत आलं. आमच्या मागच्या दारांपासूनच टेकडीचं जंगल सुरू होतं. गॅसची टाकी येते तेव्हा येते, बाकी चूल. सरपण टेकडीवरून. वनखात्याचं म्हणणं, बायका टेकडी ओरबाडतात, पाच वर्षं कुंपण घालून बंद करा. सरकारनं संस्थेला विचारलं, खरंच का हो? संस्थेनं काटा देऊन सुनेला पाठवलं.

पद्धत साधी होती. सात दिवस रोज सकाळी एकेका घरी जाऊन चुलीपाशी ठेवलेलं सरपण काट्याला लटकवून वजन करायचं. घरच्या बाईला सांगायचं, आज यातलंच जाळा. संध्याकाळी उरलेलं पुन्हा तोलायचं. मधला फरक म्हणजे दिवसाचं जळण. एकवीस घरं निवडली. त्यात आमचं नाही.

"का बरं? आम्ही काय हवेवर शिजवतो?"

"आपल्याच घराचं आपणच मोजायचं नाही, आई. नियम आहे."

"कोणी केला?"

"मीच."

नाक मुरडून मी भाकरी थापायला घेतली.

मोजणीच्या आदल्या दुपारी शेजारीण आली. तिला सगळे रेडिओ म्हणतात, कारण तिला बंद करायचं बटण नाही. पण त्या दिवशी तिचा आवाज बसलेला. म्हणाली, "काकू, उद्या तुमची सून काटा घेऊन येणार. माझ्या चुलीपाशी चार काटक्या आहेत. तेवढंच लिहून नेणार ती परदेशात?"

आता आमच्या गल्लीची एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे बाईची पारख चुलीशेजारच्या ढिगावरून होते. कोणाकडे गेलं की आधी डोळे तिकडे. ढीग उंच, तर बाई कामाची. कोपरा रिकामा, तर तिच्या सासरचेच नाही, माहेरचेही उद्धरले जातात. आणि इथे तर माझ्या सुनेच्या वहीत नोंद होणार होती. माझी सून, माझी गल्ली, आणि परदेशातल्या लोकांनी वाचायचं की यांच्या चुलीशी चार काटक्या! मला ते सोसलं नाही.

मी मागची खोली उघडली. तिथे मी जाडजूड फोडलेल्या लाकडांच्या तीन मोळ्या राखून ठेवल्या होत्या. रेडिओला म्हटलं, "पुढून ती येईल, मागून मोळी येईल. तुझ्याकडचं वजन झालं की मोळी मागच्या दारानं पुढच्या घरी. समजलं?"

"आणि तिला कळलं तर?"

"तिची मान वहीत असते. समोरून हत्ती नेला तरी तिला कळायचा नाही."

सात दिवस माझ्या तीन मोळ्या एकवीस घरं फिरल्या. वजन झालं की बायका मोळी डोक्यावर घेऊन मागच्या बोळातून पळायच्या, हसून हसून एकीचा पाय मुरगळला. दुपारपर्यंत मोळ्या माझ्या खोलीत परत. गल्लीला इतकी मजा कधी आली नव्हती. संध्याकाळच्या वजनाचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. उरलेल्या काटक्यांना कोण विचारतं, असं आम्हाला वाटलं.

आठव्या दिवसापासून सून गप्प झाली. जेवायला बसायची आणि ताटात बोटं फिरवायची. दोन दिवस मी पाहिलं. तिसऱ्या दिवशी म्हटलं, "मीठ जास्त पडलंय का?"

"नाही हो आई." मग म्हणाली, "एका घरात दिवसाला अठरा किलो लाकूड जळतं का?"

"अठरा? लोखंड वितळवायचंय का?"

"वहीत तसंच आहे. सगळ्या घरांत. सकाळी बावीस किलो, संध्याकाळी चार. म्हणजे अठरा जळालं. मी स्वतः वजन केलंय."

माझा हात भांड्यातच थांबला. मोळी बारा किलोची. सकाळी ती वजनात होती, संध्याकाळी नव्हती. माझी तीन मोळ्यांची लाकडं, ज्यांतली एक ढलपीही पेटली नव्हती, सात दिवस एकवीस घरांत जळून खाक झाली होती. वहीत.

ती सांगत राहिली. टेकडीवर तोडलेली खोडं मोजणारे वेगळे होते. इतकं जळत असेल तर टेकडी कधीच बोडकी व्हायला हवी होती, असं ते म्हणत होते. संस्थेतल्या तिच्या वरच्या मोठ्या बाईंनी तिला विचारलं होतं, आकडे घरबसल्या भरलेस का? परवा तालुक्याच्या कचेरीत बैठक होती. आकडे खरे धरले तर वनखातं कुंपण घालणार. खोटे ठरले तर हिची नोकरी जाणार आणि पुन्हा कोणी हिला काटा हातात देणार नाही.

"मी खोटं लिहिलं नाही, आई," ती म्हणाली. एवढी शिकलेली बाई, पण पोरीसारखा आवाज झाला होता.

आणि मी? गप्प बसले. लिहायला लाज वाटते, पण बसले. सुनेपुढे चूक कबूल करायची म्हणजे माझ्या जिवावर येतं. त्या रात्री मी भांडी घासली, धुतलेलीच परत घासली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती कागद लावत बसली होती, तेव्हा तिच्या पुढ्यात जाऊन बसले आणि एका दमात सगळं सांगितलं. मोळ्या, मागचा बोळ, रेडिओ, मुरगळलेला पाय.

वाटलं होतं, ओरडेल. मी तयारी करून बसले होते, उलट काय बोलायचं तेही ठरवलं होतं. तिनं हातातलं पेन खाली ठेवलं. मग तिनं कागद मिटले.

"का केलंत?"

"तुझ्या वहीत आपली माणसं भिकारी दिसू नयेत म्हणून."

तिचे डोळे भरले. म्हणाली, "मी उद्या सांगेन की काटा बिघडला होता. माझं लक्ष नव्हतं. तुमचं नाव निघायला नको. गल्लीत तुमच्या शब्दाला मान आहे."

"आणि तुझं काय?"

"मी दुसरं काहीतरी बघेन."

जिच्याशी मी दोन वर्षं मिठाच्या पलीकडे बोलले नव्हते, ती माझ्या अब्रूसाठी स्वतःची नोकरी सोडायला निघाली होती. मी म्हटलं, "शहाणपणा नको. आधी जेव."

दुसऱ्या दिवशी ती निघाली, तिच्या मागच्या बसनं मी. सोबत रेडिओ. रेडिओ नको म्हणत होती, पण मी तिला म्हटलं, जन्मभर नको तिथे बोललीस, आज हवं तिथे बोल.

कचेरीत लांब टेबल, दोन्ही बाजूंना साहेब, पंखा गरगरतोय. सून उभी राहून म्हणत होती, "काट्यात दोष असावा..." मी दारातूनच म्हटलं, "काटा चांगला आहे. दोष माझ्यात आहे."

सगळ्यांच्या माना वळल्या. शिपाई पुढे आला. मी त्याला म्हटलं, "खुर्ची दे, गुडघे दुखतात." त्यानं दिली.

मग मी सांगितलं. आवाज चढवला नाही, खाली मात्र पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा. मध्येच वनखात्याचे साहेब म्हणाले, "म्हणजे बायकांनी सरकारची फसवणूक केली?"

रेडिओ लागलीच सुरू झाली. "साहेब, तुमच्या घरी पाहुणे आले की तुम्ही फाटकी चादर घालता का? आम्ही काटक्या झाकल्या, डोंगर नाही चोरला!"

टेबलाच्या टोकाला बसलेल्या सुनेच्या मोठ्या बाई हसल्या नाहीत. त्या लिहीत होत्या. मग म्हणाल्या, "आजी, अशीच मोजणी आम्ही आणखी अकरा देशांत केली आहे. आता तिथेही विचारावं लागेल, मागच्या दारानं काय चाललं होतं."

"विचारा," मी म्हटलं. "अकरा देशांत माझ्यासारखी एक तरी निघेलच."

कुंपणाचा निर्णय थांबला. नव्यानं मोजायचं ठरलं, सुनेनंच, पण या वेळी दारात उभं राहून नाही. दिवसभर त्या त्या घरात बसून, बाई लाकूड चुलीत घालेल तसं तोलायचं. आमच्या गल्लीत रिकामा कोपरा दाखवायला कोण तयार होणार? मी माझ्या तिन्ही मोळ्या भर दुपारी गल्लीत आणून टाकल्या आणि सांगितलं, ज्यांना हव्यात त्यांनी न्या आणि जाळा. माझा कोपरा आजपासून रिकामा. या आणि बघा. बायका खरंच बघून गेल्या. दोघी तर आत वाकून बघून गेल्या. बघू दे.

एकवीस दिवस ती एकेका घरात बसली. घराला साडेपाच किलो निघालं, तेही बहुतेक वाळकं, पडलेलं. काल दुपारी कचेरीतून कागद आला. टेकडी बंद होणार नाही. पडलेलं लाकूड बायकांनी न्यायचं, ओलं तोडलं तर दंड.

कागद वाचून दाखवता दाखवता सून भिंतीला टेकली. चुलीपुढे बसून बसून तिचे पाय सुजले होते, डोळे धुरानं लाल. मी तेल कोमट केलं आणि तिचा पाय माझ्या मांडीवर ओढला.

"अहो आई, काय करताय! कोणी बघेल."

"बघू दे. हलू नकोस, सांडेल."

थोडा वेळ ती अंग चोरून बसली. मग सैल झाली. मी टाचेपासून वर तेल जिरवत होते, तेव्हा डोळे मिटूनच म्हणाली, "अहवालात एक पान तुमच्यावर लिहिलंय. चूक कशी झाली आणि कोणी सांगितली. नाव नाही घातलं."

"का नाही? घाल," मी म्हटलं. "आणि पुढे लिही, हिची सासू."