भामाबाईनं ओटी भरली

धारूरच्या डोंगरकडेला मुंजाजी आणि भामाबाईचं घर. घर कसलं, पत्र्याच्या दोन खोल्या, पुढं मेंढरं आणि त्यापुढं नुसती दरी. दिवाळीपासून त्या घराला तिसरी खोली चिकटली होती, आणि तिच्यापायी भामाबाईच्या जिवाला घोर लागला होता.

खोली बांधली ती हरिओमनं, तिच्या एकुलत्या एक पोरानं. हा पठ्ठ्या कोकणात, समुद्राकाठच्या एका बड्या रिसॉर्टात कामाला. चादरी बदला, टॉवेलांचे हंस करून पलंगावर मांडा, साहेबांच्या लेकरांनी सांडलेलं पुसा. दिवाळीला आला तो तोंड पाडूनच.

"माय, तिथं टँकर येतो आन् पव्हायच्या हौदात रिकामा करत्यात. गेटाबाहेर गावातल्या बायका हंडे घिऊन हुभ्या. म्होरं येवढा समुद्र हाय, तरी ह्यांना हौद पायजे! मला न्हाई बघवत."

टँकरमागं पळण्यात जिची अर्धी हयात गेली, त्या भामाबाईला हे वेगळं समजावून सांगायची गरजच नव्हती. ती म्हणाली, "मग ये की घरी."

"खायचं काय पण?"

तर त्यानं असं ठरवलं. रिसॉर्टात पुण्याचं एक जोडपं आलं होतं, गाण्यांच्या दणदणाटाला आणि किनाऱ्यावरच्या गर्दीला पार विटलेलं. हरिओमनं त्यांना मोबाइलवर आपला डोंगर दाखवला, आणि दोघं म्हणाले, पुढच्या सुट्टीला इथंच. ते या खोलीत रीतसर पैसे देऊन राहिले, तर धंदा चालतो असं धरायचं. मग नोकरी सोडून हरिओम घरी. नाही जमलं, तर खोलीत कडबा भरायचा. जाताना पोरानं पैसे घ्यायचा स्कॅनरसुद्धा भिंतीला चिकटवून ठेवला. भामाबाईला त्या चौकोनातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिला पोरगं घरी पाहिजे होतं, बस्स.

हुरड्याच्या दिवसांत पाहुणे आले. प्रियदर्शनी आणि तिचा नवरा अमरसिंह. भामाबाई आधी धास्तावलीच, या लोकांना इथं करमायचं कसं? पण पोरगी आल्या आल्या विचारते काय, "मावशी, पाणी कुठून आणता?" हापसा कुठं आहे ते पाहिलं आणि अर्ध्या बादलीत अंघोळ उरकून मोकळी! अमरसिंह मुंजाजीबरोबर मेंढरांमागं गेला, आणि बाभळीखाली घोंगडीवर असा काही घोरायला लागला, की मेंढरं थांबून बघायला लागली. मुंजाजी खूश. त्याची घोंगडी आजवर कुणी एवढी गोड मानून घेतली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आगटीवर कणसं भाजली. भामाबाई तळव्यावर चोळून हुरडा काढत होती आणि प्रियदर्शनीच्या पुढ्यात टाकत होती. "खा अजून. येवढ्यानं काय हुतंय?"

पोरगी खाता खाता थांबली. म्हणाली, "आई गेल्यापासून मला असं कुणी म्हटलंच नाही."

झालं! लेकीची हौस भामाबाईची राहूनच गेली होती. पदरानं नाक पुसून तिनं आणखी मूठभर हुरडा पुढं केला.

निघायच्या वेळी तिनं पोरीला पाटावर बसवलं. कुंकू लावलं, गहू, हळकुंड, सुपारी, नारळ आणि जपून ठेवलेला खण घालून ओटी भरली. मुंजाजीनं तरी गप्प बसावं? त्यानं ट्रंकेतून कोरी टोपी आणि टॉवेल काढून अमरसिंहाला आहेर केला. जावईच झाला तो!

मग अमरसिंहानं मोबाइल काढला. "काका, स्कॅनर कुठंय?"

भामाबाई चटकन भिंतीशी गेली आणि स्कॅनरला पाठ लावून उभी राहिली.

"सरका ना, मावशी."

"न्हाई सरकत. वटी भरली म्या तिची. लेकीकडून पैसे घिऊ? लोक तोंडात शेण घालतील आमच्या!"

लई मिनतवाऱ्या झाल्या, पण बाई जागची हलली नाही. गाडी घाट उतरायला लागली, तशी मुंजाजीनं डोक्याला हात लावला.

"पोरगं येयाचं हुतं की गं घरी! कावून भरली वटी?"

"आन् तुमी टोपी कावून घातली?"

मुंजाजी मेंढरांकडं वळला. भामाबाई उंबऱ्यावर बसली. आता पोराला काय तोंडानं सांगायचं? रडू आलं तिला.

इतक्यात गाडी परत वर आली. प्रियदर्शनी खाली उतरली, मांडीवरची ओटी पदरात तशीच सांभाळत.

"माय," ती म्हणाली. मावशी गेली आणि माय आली, ते भामाबाईच्या बरोबर कानात शिरलं. "माहेरी माझा हक्क आहे ना?"

"हाय की, बाई!"

"मग ऐका. खालच्या वळणावर गाडी थांबवून मैत्रिणींना फोन केला. त्यांचं गोव्याचं चाललं होतं, मी मोडलं. पुढच्या शनिवारी सगळ्या इथं येतायत. त्यांना पोटभर खाऊ घाला, कुंकू लावा, पण ओटी भरायची नाही. पैसे चोख घ्यायचे. तुमची लेक मी एकटीच."

भामाबाई रडता रडता हसली आणि पोरीच्या तोंडावरून हात फिरवून तिनं कानशिलावर बोटं मोडली. गाडी दिसेनाशी झाल्यावर तिनं मुंजाजीकडून हरिओमला फोन लावून घेतला.

"माय, दिले का पैसे त्यांनी?"

"देत हुते. म्या घेतले न्हाईत."

"अगं माय!"

"वरडू नगं. शनिवारी अजून पोरी यायल्यात, पैसे दिऊन ऱ्हाणाऱ्या. पण मला भरवसा न्हाई माझा. त्यांची तोंडं बघितली की हात नारळाकडंच जाणार. तुझ्या बापाचं तर बोलूच नगं, त्ये आत्तापसून टोप्या मोजायल्यात. पैसे मागायला घरात एक तरी दगडाच्या काळजाचा माणूस पायजे का न्हाई? तू ये बाबा."

पलीकडं पोरगं हसायला लागलं, आणि हसता हसता त्याचा आवाज ओला झाला.

"शुक्रवारी पोचतो," हरिओम म्हणाला. "तवर नारळ लपवून ठेव."