मास्तरांचा पहिला क्लोजअप

मास्तरांना सगळे मास्तर म्हणत, पण मोटारसायकलवरून पडण्याखेरीज त्यांनी आयुष्यात कुणाला काही शिकवलं नव्हतं. तेही आधी स्वतः पडून. एकतीस वर्षं ते सिनेमात हिरोंच्या जागी गाड्या उडवत आले. नाले ओलांडले, काचा फोडल्या, एकदा तर चालत्या ट्रकखालून आडवे घसरत गेले. पडद्यावर दिसली ती फक्त पाठ. बायको मात्र प्रत्येक वेळी थिएटरात शेजारच्या बाईला कोपर मारून सांगायची, "ती पाठ आमची बरं का!"

त्यामुळे सदुसष्टाव्या वर्षी एका म्हाताऱ्या मोटारसायकलस्वाराच्या कामासाठी बोलावणं आलं, तेव्हा तिने पहिलं विचारलं, "तोंड दिसणार ना?"

"क्लोजअप आहे," मास्तर म्हणाले आणि उगाचच हनुवटी चाचपली.

"मग दाढी नीट करा. एकदा तरी मला तोंड दाखवून सांगायचंय लोकांना."

शूटिंगला मास्तरांनी हट्टाने आपली जुनी गाडी नेली. टाकीला पोचा, खाली तेलाचं थारोळं. बाराव्या किकला धाप लागली ती मास्तरांना. गाडीने हूं की चूं केलं नाही. शेवटी सोबत आलेल्या लेकीने आपली नवी गाडी पुढे केली. गोल दिवा, फुगीर टाकी, दिसायला थेट जुन्या गाडीची आई. आत मात्र सगळं इलेक्ट्रॉनिक.

"बटणावर चालू होते? मग माणसाने करायचं काय?"

"बसायचं, बाबा."

मास्तर बसले. "म्हातारं दिसायला या गाडीने केवढी खटपट केलीय," ते मेकअपवाल्याला म्हणाले. "मला बघ, आपोआप जमलं." मेकअपवाला त्यांच्याच वयाचा, पांढऱ्या मिशीचा. तासभर तो मास्तरांच्या तोंडावर राबत होता.

शॉट सोपा होता. वळणावरून यायचं आणि कॅमेऱ्यापाशी आल्यावर त्यात बघायचं. मास्तर झोकात वळले. कॅमेरा आला आणि मान आपसूक पलीकडे फिरली.

"मास्तर, इकडे बघा ना!" दिग्दर्शक ओरडला.

"हो हो, चुकलंच."

दुसऱ्यांदाही फिरली. तिसऱ्यांदा दात-ओठ खाऊन मान सरळ धरली, तर खांदा वर येऊन तोंड झाकून बसला. तोंड दिसलं की शॉट वाया, हे एकतीस वर्षं ऐकलेलं शरीर आता कुणाचं ऐकेना.

"बाबा, लाजताय काय?"

"मी नाही गं. मान लाजतेय."

नवव्या टेकला दिग्दर्शकाने कपाळावर हात मारला. "पाठ झकास आलीय, ती ठेवतो. तोंडासाठी..." त्याची नजर फिरत फिरत मेकअपवाल्याच्या मिशीवर थांबली.

मेकअपवाला उभ्या गाडीवर बसला, कॅमेऱ्यात बघितलं, एका टेकमध्ये काम फत्ते. आपलं जाकीट मास्तरांनीच त्याला चढवलं, कॉलर नीट केली. आजवर हिरोंची जाकिटं घातली होती. आपलं दुसऱ्याला घालायची ही पहिलीच खेप. घरी काही बोलायचं नाही, असं त्यांनी लेकीला बजावलं.

सिनेमा लागला. बायको मैत्रिणीला घेऊन मधल्या रांगेत बसली, शेजारी मास्तर अंग चोरून. पडद्यावर गाडी वळली. पाठ दिसली. मग मिशी दिसली.

मास्तरांनी सवयीने मान पलीकडे फिरवली.

एवढ्यात मैत्रिणीच्या बरगडीत कोपर बसलं.

"ती पाठ आमची बरं का!" बायको म्हणाली. "तोंडाला यांनी डुप्लिकेट ठेवलाय."